अकरा जागा, अकरा मते : कार्यकारिणीची निवडणूक एकतर्फी का होते आणि ती कशी बदलावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावातले जुने सार्वजनिक वाचनालय, सहाशेच्या आसपास सभासद, कार्यकारिणी ११ जणांची. गेल्या निवडणुकीत सुमारे ४०० जणांनी मतदान केले, दोन पॅनेल उभी होती, आणि २१० विरुद्ध १९० अशा फरकाने एका पॅनेलच्या सगळ्या ११ जागा आल्या. पडलेल्या बाजूची माणसे आता वाचनालयाच्या कार्यक्रमांना फिरकत नाहीत. पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकून निवड करावी, विभागवार जागा वाटाव्यात, की ज्येष्ठांनी बसून बिनविरोध यादी करावी, असे तुम्ही विचारले आहे.

सहकारी संस्था, शिक्षणसंस्था आणि वाचनालये यांच्या निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे. तुमच्यासारखा निकाल मी इतक्या ठिकाणी जाहीर केला आहे की त्यामागचे कारण आधी स्पष्ट सांगतो. दोष तुमच्या सभासदांचा नाही, पॅनेल करणाऱ्यांचाही नाही. दोष 'जितक्या जागा तितकी मते' या नियमात आहे. प्रत्येक मतदाराच्या हातात ११ शिक्के दिले की जे २१० जण एकत्र आहेत त्यांचे ११ही उमेदवार २१०च्या आसपास मते घेतात आणि उरलेल्यांचे ११ही १९०च्या आसपास थांबतात. पहिल्या क्रमांकापासून अकराव्या क्रमांकापर्यंत एकाच गटाची माणसे. साडेसत्तेचाळीस टक्के सभासदांना शून्य जागा मिळतात आणि मोजणीत कुठेही चूक झालेली नसते. मतमोजणीच्या टेबलावर पडलेल्या उमेदवारांचे प्रतिनिधी फेरमोजणी मागतात, गठ्ठे पुन्हा मोजले जातात, आकडे तेच येतात. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारा अन्याय खरा असतो, फक्त तो मोजणीत झालेला नसतो.

म्हणून माझे उत्तर असे : कार्यकारिणीसाठी पसंतीक्रमाचे एकच मत ठेवा. चिठ्ठी वापरा, पण वेगळ्या कामासाठी. विभागवार जागा आणि ज्येष्ठांची यादी या दोन्ही गोष्टी तुमच्या संस्थेसाठी टाळा. आता कारणे.

विभागवार जागांचे आधी मिटवून टाकू. गावाचे ११ भाग करून प्रत्येकातून एक सदस्य घेतला तरी दोन्ही गटांचे सभासद सगळीकडे साधारण सारख्या प्रमाणात राहत असतील तर प्रत्येक भागात तोच ५२-४८चा निकाल लागेल आणि पुन्हा ११-०. शिवाय वाचनालयातले मतभेद गल्ल्यांचे नसतात. संदर्भग्रंथांवर खर्च करायचा की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेवर, बालविभाग संध्याकाळी उघडा ठेवायचा की नाही, वर्गणी वाढवायची की सभागृह भाड्याने द्यायचे, यांवर लोक विभागलेले असतात. ज्या गोष्टीवर लोक विभागलेले नाहीत त्या गोष्टीवर जागा विभागून हाती काही लागत नाही.

बिनविरोध यादीबद्दल मी थोडा कठोर बोलणार आहे. 'संस्थेत निवडणूक नको, कटुता येते' हे वाक्य बहुतेक वेळा कार्यकारिणीत आधीपासून असलेल्या माणसाच्या तोंडून येते. यादी कोण करतो, कोणाला विचारून करतो आणि कोणाला अर्ज मागे घ्यायला लावतो, याची कुठेही नोंद राहत नाही. तरुण सभासद, नव्याने गावात आलेली कुटुंबे, घरातून एकट्याच येणाऱ्या वाचक स्त्रिया अशा यादीत क्वचितच असतात, कारण यादी करणाऱ्यांच्या ओळखीत त्या नसतात. खरोखरच ११ जागांना ११च अर्ज आले तर बिनविरोध जरूर व्हावे. पण अर्ज माघारीच्या दिवशी घरोघरी फिरून ते घडवून आणणे ही निवडीची पद्धत म्हणून मी कुणालाही सुचवणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. 'जितक्या जागा तितकी मते' याला पर्याय दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे मतदाराची मते कमी करणे किंवा ती हवी तशी टाकू देणे. दुसरा म्हणजे एकच मत देऊन ते वाया जाऊ नये म्हणून पसंतीक्रम लिहू देणे.

पहिल्या प्रकाराला आपल्याकडे इतिहास आहे. १९३७च्या मुंबई प्रांताच्या विधानसभा निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघांमध्ये संचयी मतदान होते. जितक्या जागा तितकी मते असत, पण मतदार ती सगळी एकाच उमेदवाराला देऊ शके. विखुरलेल्या अल्पसंख्य समाजाला याचा मोठा उपयोग होता. डॉ. आंबेडकर या पद्धतीचे समर्थक होते आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष याच निवडणुकीत पहिल्यांदा उतरला. स्वातंत्र्यानंतर १९५२च्या द्विसदस्यीय मतदारसंघांत ही मुभा राहिली नाही. दोन मते, पण दोन वेगळ्या उमेदवारांना. कंपनी कायद्यात मात्र ही कल्पना टिकली आहे. २०१३च्या कायद्याच्या कलम १६३ प्रमाणे एखाद्या कंपनीला संचालकांची निवड एकल संक्रमणीय मताने (म्हणजे पुढे सांगितलेल्या पसंतीक्रमाच्या एकाच मताने) किंवा संचयी मतदानाने करायची तरतूद आपल्या नियमावलीत ठेवता येते. भागधारकांमधल्या अल्पमताला संचालक मंडळावर माणूस पाठवता यावा हाच हेतू.

मते कमी करणे हा त्याचाच साधा भाऊ. ११ जागा, पण प्रत्येकाला ७च मते. तुमच्या आकड्यांवर बसवून पाहा. मोठ्या गटाने ७ उमेदवार उभे केले तर प्रत्येकाला २१०, छोट्या गटाच्या ७ जणांना १९०. निकाल ७-४. बरा वाटतो. पण मोठ्या गटाला हाव सुटली आणि त्यांनी ८ उभे केले तर २१० गुणिले ७, म्हणजे १,४७० मते आठांत वाटली जातील. प्रत्येकी १८४ देखील नाहीत. मग छोट्या गटाचे सातही जण १९०वर पुढे जातात आणि कमी मतदार असलेल्या बाजूला बहुमत मिळते! या पद्धतीत निकाल सभासदांच्या इच्छेपेक्षा पॅनेलप्रमुखाच्या गणितावर आणि 'तुम्ही या सात नावांवरच शिक्का मारा' या शिस्तीवर जास्त अवलंबून राहतो. संचयी मतदानाचेही तेच. तुम्हाला पॅनेलची पकड सैल करायची आहे आणि ही पद्धत ती घट्ट करते. म्हणून ठराविक परिस्थितीत ती उपयोगी असली तरी वाचनालयासाठी मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

पसंतीक्रमाची पद्धत महाराष्ट्रातल्या शिकलेल्या मतदाराला अनोळखी नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आपण नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहितो, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच. तिथे एकच जागा असते. जागा अनेक असतील तर ती काय करते, हे राज्यसभेच्या निवडणुकीत दिसते, आणि १० जून २०२२ची महाराष्ट्रातली राज्यसभा निवडणूक त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्या निकालावर राजकीय चर्चा खूप झाली. इथे मी फक्त गणित घेतो.

जागा ६, उमेदवार ७, वैध मते २८४. प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात, म्हणजे अपूर्णांकांचा त्रास कमी होतो. एकूण मूल्य २८,४०० भागिले जागांपेक्षा एक जास्त म्हणजे ७. भागाकाराचा अपूर्णांक सोडून १ मिळवला की ४,०५८. हा कोटा. कोणत्याही सहा जणांना इतके मूल्य मिळाले की सातव्याला तेवढे मिळणे शक्यच नसते, म्हणून हा आकडा. भाजपच्या दोन उमेदवारांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मते मिळाली, तिसऱ्याला, धनंजय महाडिकांना, २७. महाविकास आघाडीच्या चार उमेदवारांना ४४, ४३, ४१ आणि ३३. ते ३३ शिवसेनेच्या संजय पवारांचे. २७ आणि ३३ यांची थेट तुलना केली तर ३३वाला पुढे. पण निवडून आले महाडिक. कारण ४८ मते घेणाऱ्या दोघांकडे कोट्यापेक्षा प्रत्येकी ७४२ मूल्य जास्त होते आणि ते दुसऱ्या पसंतीकडे वळले.

हे अन्यायाचे वाटत असेल तर गटांची बेरीज करून पाहा. एका बाजूला १२३ मते, म्हणजे १२,३०० मूल्य. तीन कोटे होतात १२,१७४. तीन जागा पुरत्या. दुसऱ्या बाजूला १६१ मते, म्हणजे १६,१००. चार कोट्यांना लागतात १६,२३२. दीड मतापेक्षाही कमी फरकाने चौथी जागा हुकली. प्रत्येक बाजूला तिच्याकडे जितके पूर्ण कोटे होते तितक्या जागा मिळाल्या. एकाच नावावर मते जास्त साचली म्हणून गटाचे नुकसान झाले नाही आणि नावांमध्ये नीट वाटली म्हणून कुणाचा जादा फायदाही झाला नाही. जिथे 'जितक्या जागा तितकी मते' हा नियम आहे तिथे १६१ची बाजू सहाच्या सहा जागा घेऊन गेली असती.

आता हेच तुमच्या वाचनालयात आणा. ४०० मते, ११ जागा. ४०० भागिले १२ म्हणजे ३३ आणि काही. कोटा ३४. २१० जणांकडे सहा पूर्ण कोटे आहेत, २०४. १९० जणांकडे पाच, १७०. निकाल ६-५. ज्यांच्याकडे बहुमत आहे त्यांच्याकडेच ते राहते, कार्यवाह त्यांचाच होईल, पण दुसऱ्या बाजूची पाच माणसे बैठकीत बसतील, हिशेब पाहतील, पुस्तकखरेदीच्या यादीवर बोलतील. आणि माझ्या मते यापेक्षाही महत्त्वाचे : कोणत्याच पॅनेलमध्ये नसलेले चाळीस वाचक एकत्र आले, समजा बालविभागासाठी आग्रही असलेले पालक, तर त्यांचा एक प्रतिनिधी स्वतःच्या बळावर येतो. त्यांना कोणत्या पॅनेलप्रमुखाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मतदारालाही आपल्या आवडीच्या अपक्षाला १ लिहायची भीती उरत नाही, कारण तो बाद झाला तर मतपत्रिका २ लिहिलेल्या नावाकडे जाते. आयर्लंडच्या लोकसभेत, माल्टात आणि ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात सार्वत्रिक निवडणुका अशाच होतात.

मोजणीची धास्ती घेऊ नका. ४०० मतपत्रिका आणि वीस-पंचवीस उमेदवार असतील तर तीन-चार टेबलांवर एका संध्याकाळी मोजणी होते. पहिल्या पसंतीप्रमाणे गठ्ठे करा. कोटा पार केलेल्याला विजयी घोषित करा. त्याच्या जादा मूल्याचे वाटप करताना त्याच्या सर्व मतपत्रिका कमी केलेल्या मूल्याने पुढच्या पसंतीकडे न्या. वरच्या काही मतपत्रिका उचलून वळवणे टाळा, कारण कोणत्या उचलल्या यावरून नक्की वाद होतो. कुणीच कोटा पार करत नसेल तर सर्वांत कमी मूल्य असलेल्याला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढे द्या. प्रत्येक फेरीचा तक्ता फळ्यावर किंवा पडद्यावर सगळ्यांना दिसेल असा लिहा. खरा धोका बाद मतांचा आहे. सवयीने लोक फुली किंवा बरोबरची खूण करतात. म्हणून आधी एका कार्यक्रमात 'गेल्या वर्षातले आवडते पुस्तक' असे सरावाचे मतदान पसंतीक्रमाने घ्या, मतपत्रिकेवर भरलेला नमुना छापा, आणि नियमात लिहा की १ हा आकडा स्पष्ट असेल तर मत वैध. अकराही पसंती लिहायची सक्ती करू नका. सक्ती केली की मते बाद होण्याचे प्रमाण वाढते.

नावांच्या क्रमाचेही बघा. पंचवीस नावे वर्णानुक्रमाने छापली की वरच्या नावांना थोडा आयता लाभ मिळतो, विशेषतः खालच्या पसंतींमध्ये. टास्मानियात मतपत्रिकेवरचा नावांचा क्रम फिरता ठेवतात. तुम्हीही चार-पाच वेगळ्या क्रमांच्या मतपत्रिका छापून मिसळू शकता. छपाईचा खर्च जवळपास तोच राहतो.

महिलांसाठी राखीव जागा ठेवायच्या असतील, आणि त्या ठेवाव्यात असे मला ठामपणे वाटते, तर त्यांची वेगळी मतपत्रिका करू नका. वेगळी मतपत्रिका केली की त्या तीन जागांवर पुन्हा बहुमतवाल्यांचेच वर्चस्व येते, आणि उरलेल्या आठ जागा पुरुषांच्याच असा समज पक्का होतो. एकाच मोजणीत हे जमते. '११पैकी किमान ३ महिला' असा नियम असेल तर आठ पुरुष निवडून आल्याबरोबर उरलेल्या सर्व पुरुष उमेदवारांना बाद धरून त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे न्यायच्या, आणि शेवटच्या तीन महिला उमेदवार शिल्लक असतील तर त्यांना बाद करायचे नाही. प्रमाणशीरपणाही राहतो आणि किमान संख्याही.

महापालिकांमध्ये स्थायी समिती निवडतात तसे का करू नये, असा प्रश्न कुणीतरी सभेत विचारेल. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांच्या स्थायी समितीत १६ सदस्य असतात. पक्षांच्या तौलनिक संख्याबळाप्रमाणे जागा ठरतात आणि गटनेते बंद पाकिटात नावे देतात. प्रमाण तिथे नीट राखले जाते. पण नावे गटनेता ठरवतो, सभागृह नाही. ज्या संस्थेत अधिकृत पक्षच नाहीत तिथे ही पद्धत आणली तर आधी सभासदांना गटांत नाव नोंदवावे लागेल. आज जे सैल गट आहेत ते कायमचे होतील. वाचनालयात हे मुळीच करू नये.

त्याच स्थायी समितीतली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. पहिल्या वर्षाअखेर १६पैकी ८ सदस्य चिठ्ठी काढून निवृत्त होतात. कोण जाणार हे कुणाच्या मर्जीवर नसते, म्हणून त्यावर कुणी रुसत नाही. चिठ्ठीचे खरे बळ तेच आहे. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मते समान झाली आणि निकाल चिठ्ठीने लागला. इतक्या चुरशीच्या निवडणुकीतही शेवटी चिठ्ठीच कामी आली, कारण चिठ्ठीला बाजू नसते.

मग सगळी कार्यकारिणीच चिठ्ठीने का नको? या विचाराला मी हलक्यात घेत नाही. आपल्या देशातले त्याचे सर्वांत तपशीलवार उदाहरण तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावी दगडात कोरलेले आहे. पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१चे हे लेख वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर आहेत. गावाचे ३० विभाग. प्रत्येक विभागातल्या पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घटात टाकायची. घट सगळ्यांना दिसेल असा उंच धरायचा. आत काय आहे हे ज्याला माहीत नाही अशा लहान मुलाने चिठ्ठी काढायची. ती घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून तळहातावर घ्यायची, म्हणजे हातचलाखीला जागा नाही. मग ती मोठ्याने वाचायची. अशा ३० जणांतून वार्षिक समितीवर १२, उद्यान समितीवर १२ आणि तलाव समितीवर ६ जण, मुदत ३६० दिवस. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेला माणूस अपात्र. ज्याने समितीवर असताना हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. हिशेबाची ही अट आजच्या किती संस्थांच्या घटनेत आहे?

पण त्याच लेखात हेही आहे की घटात नाव जाण्यासाठी करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर, ३५ ते ७० वय आणि वेदाध्ययन हवे. गावातला मोठा समाज घटाच्या बाहेरच होता. चिठ्ठी काढताना पक्षपात झाला नाही, तो आधीच झाला होता. चिठ्ठी सुचवणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणून पहिला प्रश्न विचारतो : घटात कोणाकोणाची नावे?

दुसरी अडचण लहान संख्येची. सभासदांत ३० टक्के स्त्रिया असतील आणि पाच जणांची उपसमिती निव्वळ चिठ्ठीने काढली, तर एकही स्त्री नसण्याची शक्यता १७ टक्के, म्हणजे साधारण सहातून एकदा. शेकडो माणसे निवडायची असतील तर चिठ्ठी समाजाचा आरसा होते, पाच-दहा निवडताना होईलच असे नाही. त्यामुळे चिठ्ठी काढायचीच तर आधी यादीचे भाग करून, स्त्रिया वेगळ्या, तिशीच्या आतले वेगळे, आजीव आणि साधारण सभासद वेगळे, प्रत्येक भागातून ठराविक संख्येने काढावी. तिसरी अडचण जबाबदारीची. कार्यकारिणी पगार, मालमत्ता आणि अनुदान सांभाळते. पुढच्या निवडणुकीत सभासदांना जाब विचारता यावा असे पद चिठ्ठीने भरू नये.

चिठ्ठी मी इथे वापरेन : पुस्तक निवड समितीत वाचकांचे प्रतिनिधी घ्यायला, अंतर्गत हिशेब पाहायला वर्षाला तीन सामान्य सभासद बोलवायला, तक्रार ऐकणाऱ्या समितीसाठी, आणि समान मते झाल्यावर. या कामांत स्वतंत्रपणा लागतो, प्रचार करून मिळवलेला पाठिंबा लागत नाही. हिशेब पाहणारे तिघे कार्यवाहाने निवडले नाहीत आणि कुठल्या पॅनेलनेही नाहीत, एवढी गोष्ट सभासदांचा विश्वास फार वाढवते.

आता काही बारीक जागा, जिथे चांगला नियमही बिघडतो.

दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त करण्याची कल्पना अनुभव टिकावा म्हणून चांगली वाटते. पण ११ जागा एकदम भरल्या तर कोटा साडेआठ टक्क्यांच्या आसपास असतो. ४, ४ आणि ३ अशा तुकड्यांत भरल्या तर तो २० आणि २५ टक्क्यांवर जातो. पंधरा टक्के सभासदांचा गट, ज्याला एरवी एक जागा हमखास मिळाली असती, तो दर वेळी बाहेर. प्रमाणशीर पद्धत घ्यायची तर सगळ्या जागा एकदम भरा.

स्वीकृत, म्हणजे निवडणुकीशिवाय कार्यकारिणीनेच घेतलेल्या, सदस्यांचेही असेच. ६-५ असा निकाल लागल्यावर सहा जणांनी मिळून चार स्वीकृत घेतले की १०-५ होते आणि सभासदांचा कौल बैठकीच्या पहिल्या दिवशीच बदलतो. स्वीकृत सदस्य जास्तीत जास्त दोन, तेही दोन-तृतीयांश मताने आणि मताधिकाराशिवाय. कुणी राजीनामा दिला किंवा निधन झाले तर रिकामी जागा कार्यकारिणीने भरू नये. जुन्या मतपत्रिका सीलबंद जपून ठेवल्या असतील तर त्या सदस्याला निवडून देणाऱ्या मतपत्रिकांच्या पुढच्या पसंतीवरून पडलेल्या उमेदवारांतून जागा भरता येते. टास्मानियात हेच करतात. त्यामुळे ज्या गटाची जागा रिकामी झाली ती सहसा त्याच गटाकडे राहते.

अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष ही एकेकट्याची पदे आहेत, तिथे प्रमाण लागू होत नाही. ती पदे अकरा जणांनी आपसांतून पसंतीक्रमानेच निवडावीत. त्यात निम्म्याहून अधिक पाठिंबा असलेलाच माणूस येतो.

आणि मतदार यादी. वाद कोर्टात किंवा धर्मादाय आयुक्तांकडे जातात ते बहुतेक यादीवरून. निवडणुकीच्या तोंडावर एका दिवसात शंभर नवे सभासद, वर्गणी एकाच माणसाने भरलेली, असे प्रकार मी पाहिले आहेत. मतदानापूर्वी किमान सहा महिने सभासद असलेल्यालाच मत, थकबाकी भरायची शेवटची तारीख आधी जाहीर, कच्ची यादी फलकावर, हरकतींना पंधरा दिवस, आणि हरकतींचा निकाल कार्यकारिणीबाहेरच्या माणसाने द्यायचा. प्रॉक्सी मत, म्हणजे एकाच्या वतीने दुसऱ्याने दिलेले मत, ठेवूच नका. यादी सदोष असेल तर वरची सगळी पद्धत निरुपयोगी ठरते.

कायद्याच्या बाजूने तुम्हाला मोकळीक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था असती तर निवडणुकीची रीत कायदा आणि नियमांनी बांधलेली असते, ती आपल्या मनाने बदलता येत नाही. तुमचे वाचनालय संस्था नोंदणी आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था या कायद्यांखाली नोंदलेले आहे. निवडणुकीची पद्धत तुमच्या घटनेत लिहिलेली असते आणि घटनादुरुस्तीसाठी घटनेतच सांगितलेल्या बहुमताने, रीतसर नोटीस काढून, ती बदलता येते. दुरुस्तीची नोंद धर्मादाय कार्यालयात करून घ्या आणि नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत दाखल करा. त्याआधी तुमची घटना एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा.

सत्तेतले पॅनेल याला मत का देईल, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. माझा अनुभव असा की 'येत्या निवडणुकीपासून' म्हटले की दुरुस्ती पडते आणि 'त्यापुढच्या निवडणुकीपासून' म्हटले की बहुधा होते. सहा-सात वर्षांनी आपण २१०मध्ये असू की १९०मध्ये, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून निवडणूक संपल्यानंतरच्या पहिल्या वार्षिक सभेत विषय आणा, निवडणूक जवळ आल्यावर नव्हे.

ठरावाचा मजकूर साधारण असा ठेवा, आणि आपल्या घटनेच्या भाषेत बसवून घ्या :

'कार्यकारिणीच्या सर्व ११ सदस्यांची निवड एकाच वेळी, गुप्त मतदानाने, प्रमाणशीर प्रतिनिधित्व पद्धतीनुसार एकल संक्रमणीय मताद्वारे होईल. त्यांपैकी किमान ३ सदस्य महिला असतील. प्रत्येक मतदारास एक मत असेल व तो इच्छेनुसार कितीही पसंती नोंदवू शकेल. पहिली पसंती स्पष्ट असलेली मतपत्रिका वैध असेल. वैध मतांच्या एकूण मूल्यास बारा या संख्येने भागून, अपूर्णांक सोडून, येणाऱ्या संख्येत एक मिळवून कोटा ठरेल. अतिरिक्त मूल्य सर्व संबंधित मतपत्रिकांवरून समप्रमाणात पुढील पसंतीकडे जाईल. समान मूल्य झाल्यास उपस्थित सभासदांसमोर चिठ्ठी काढली जाईल. मतपत्रिका पुढील निवडणुकीपर्यंत सीलबंद ठेवल्या जातील व मुदतीत रिक्त होणारी जागा त्यांच्या फेरमोजणीने भरली जाईल. ज्या सदस्याने पदावर असताना हिशेब सादर केला नाही, तो हिशेब सादर होईपर्यंत उमेदवारीस पात्र असणार नाही.'